तळ्यातलं उदमांजर

सुंदराची सव्वा महिन्याची मुलगी भेस्तानच्या मागच्या तळ्याकाठी पुरली, त्याला अकरा दिवस झाले होते. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, आणि गाव सोडून सुरतेत यंत्रमागावर राबणाऱ्याकडे वीतभर तरी स्वतःची जमीन कुठली? नवऱ्यानं, योगेंद्रनं, तळ्याचा काठ निवडला आणि वर धोंडे रचले. सुंदरा रोज सकाळी जाऊन अंगावरचं दूध तिथे पिळून यायची.

तळं म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीनं. कुणा बिल्डरच्या डंपरांनी दोन वर्षं भराव टाकून टाकून त्याचं डबकं केलं होतं. कमळपक्षी गेले, पाणकोंबड्या गेल्या. कासवं रस्त्यावर येऊन रिक्षांखाली चिरडली. बिनविषारी पाणदिवड संडासांत निघाले आणि नाग म्हणून ठेचले गेले. डुकरं, कावळे आणि कुत्री तेवढी सुखात होती. बाकी जे तगलं ते उरल्यासुरल्या पाण्याला चिकटून होतं, आणि लपायला जागा न राहिल्यामुळे माणसांच्या नजरेत येत होतं.

त्या सकाळी धोंडे विखुरलेले होते. खड्डा उघडा, आत काहीच नाही. त्याची एक बाजू सुरीनं कापल्यासारखी सरळ होती, पण ते पाहण्याच्या अवस्थेत सुंदरा नव्हती. तिनं हातांनी खड्डा चाचपला आणि मान वर केली. दहा पावलांवर, पाण्याच्या कडेला, एक तपकिरी, मिशाळ, ओलंचिंब जनावर काहीतरी कराकरा चावत होतं.

तिच्या किंकाळीनं रात्रपाळी सुटून घरी चाललेली माणसं धावली. सखाराम त्यांच्यात वयानं मोठा. त्यानं खड्डा पाहिला, जनावर पाहिलं आणि निकाल दिला.

"हाई उदमांजर शे. पुरेल मढं उकरीसन खास."

उदमांजर पुरलेलं मढं उकरून खातं, हे गावाकडे सगळ्यांनीच ऐकलेलं. मासे विकणारी मंदा टोपली उतरवून मध्ये पडली. "अहो, ही जळबिलाडी, पाण्यात राहणारी. मासे खाते, दुसरं काही नाही. बारा वर्षं बघते मी."

"बिलाडी म्हणजे मांजरच ना?" सखाराम म्हणाला.

"म्हणतात तसं, पण—"

तिचं 'पण' कुणी ऐकलं नाही. तळं भरलेलं असताना ते जनावर एका बुडीत पलीकडे गेलं असतं. आता पाणी गुडघाभर, तीन बाजूंना भराव आणि चौथ्या बाजूला माणसं. पहिला धोंडा सुंदरानं घातला, तिच्या मुलीवरचाच. जनावर लेकरासारखं केकाटलं, योगेंद्रच्या पोटरीला कडकडून चावलं. मग दांडकी पडत राहिली. जबडा तुटला, एक डोळा बाहेर आला, तरी पाय पाणी मारतच होते. ते थांबले तेव्हा सुंदरानं मंदाच्या टोपलीतला कोयता उचलला.

"पोट फाडा यानं. मनी पोर मझार शे."

कुणी पुढे होईना. तिनं स्वतःच फाडलं. मुलीचं जे काही उरलं असेल ते काढून तिला पुन्हा मातीत घालायचं होतं. कोपरापर्यंत हात माखले. माशांचे खवले निघाले, काटे, खेकड्याची नांगी. ती आतडी बोटांनी चिवडत राहिली. दुसरं काही नव्हतं.

"हे ते नाही," कुणीतरी म्हणालं. "खाणारं दुसरंच असंल." पाण्यात तसलंच दुसरं जनावर शीळ घातल्यासारखं ओरडलं आणि माणसं त्या आवाजावर तुटून पडली. सुंदराला आता खड्ड्याची ती सरळ कापलेली बाजू दिसली. "थांबा," सुंदरा म्हणाली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी गर्दी थांबत नसते.

भरावाजवळ जेसीबी चालवणारा दीपक त्यावरच चहा पीत बसला होता. ती तशीच रक्ताळलेली त्याच्यापुढे उभी राहिली.

"काठनी माती कोन उचलनं?"

दीपक खाली उतरला. "मीच, वहिनी. काल सांजच्याला. धोंडे होते, ते बाजूला सारले." तिचे हात पाहून त्यानं विचारलं, "काय होतं तिथे?"

"माती कोठे टाकी?"

त्यानं भराव दाखवला. आठ खेपा, वर रोलर फिरवलेला.

सुंदरा त्या चपट्या जमिनीवर गेली आणि पालथी पडली. कान मातीला लावला.

"आते माले बी गाड, भाऊ."

दीपकनं जेसीबीची चावी काढून खिशात घातली. तिकडे डबक्यात योगेंद्रनं दुसरं जनावर शेपटीला धरून उचललं आणि बायकोला दिसावं म्हणून हात उंच केला.