कामावर असताना बिघडलेला ठरवला गेलेला फ्रीझर

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे, आणि मी बिघडलेलो नाही! हे आधीच सांगून टाकतो, कारण तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

स्टुटगार्टच्या एका चढावरच्या घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी मी उभा आहे. खरं तर आडवाच आहे, वरून झाकण उघडणारा, पेटीसारखा. मार्कुसच्या आईने मला चोवीस वर्षांपूर्वी घेतलं. मी तिच्या बागेतल्या शेंगा आणि आलुबुखारचे केक सांभाळले. "हा माझ्यानंतरही चालेल," असं ती माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायची. झालंही तसंच. पुढे मार्कुसचं पुण्याच्या ऊर्मिलाशी लग्न झालं आणि मी त्यांच्या संसारात आलो.

वर्षातून एकदा माझा सण असतो. डोंगरावर ब्रेंडले नावाच्या कुटुंबाचा गोठा आहे. जनावराचे सगळे वाटे आधी ठरल्याशिवाय ब्रेंडलेबाई ते कापायला नेतच नाहीत. ज्याचा जो वाटा, त्यात चांगले तुकडे येतात, तशी सुपाची हाडंही येतात आणि खिमाही. निवडानिवड चालत नाही. मार्कुस आठवा हिस्सा बीफ घेऊन येतो आणि ऊर्मिला एकेक पाकीट माझ्यात रचते. वरच्या टोपलीत तिचं ओलं खोबरं आणि कढीपत्ता, खाली बीफ. माझ्या पोटात त्यांचं कधी भांडण झालं नाही.

यंदा मात्र बीफ आलं शनिवारी, आणि सोमवारी यायच्या होत्या ऊर्मिलाच्या आई, प्रमोदिनीबाई.

घरात नुसती धावपळ उडाली. "अगं, त्यांना सांगून टाक ना," मार्कुस म्हणाला. "हे बघ, तू गप्प बस! तुला आई माहीत नाही," ऊर्मिला म्हणाली. तिने एका कागदावर मराठीत आणि जर्मनमध्ये 'बिघडला आहे' असं लिहिलं आणि आईने उघडून बघू नये म्हणून तो माझ्या झाकणावर चिकटवला. मला इतकं लागलं! चोवीस वर्षांत एक दिवस खाडा नाही, आणि मी बिघडलेला? शिवाय इथे अशी चिठ्ठी लागलेली वस्तू थेट श्पेर्म्युलच्या, म्हणजे भंगाराच्या गाडीत जाते. त्या रात्री माझी मोटर एकसारखी घरघरत राहिली.

बुधवारी दुपारी प्रमोदिनीबाई कपडे वाळत घालायला खाली आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग कान देऊन माझी घरघर ऐकली. "बिघडलाय म्हणे, आणि उगाच वीज खातोय," त्या पुटपुटल्या. गावाला जाताना घरातली बटणं दोनदा तपासणाऱ्या त्या. त्यांनी भिंतीवर बटण शोधलं. इथल्या सॉकेटला बटण नसतं. मग त्यांनी प्लगच उपसून काढला.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. मी फक्त झाकण घट्ट मिटून पडून राहिलो. संध्याकाळ गेली, रात्र गेली. कडेचा बर्फ सुटू लागला, वरचा खिमा मऊ पडला. कोणी खाली येईना. ब्रेंडलेबाईंनी हाताने वाढवलेलं ते जनावर माझ्यात फुकट जाणार, आणि दोष माझ्या म्हातारपणाला लागणार, या विचाराने मी कासावीस झालो.

गुरुवारी दुपारी बाई वाळलेले कपडे न्यायला आल्या. माझ्यातून झिरपलेल्या पाण्यात पाय ओला झाला म्हणून त्यांनी वाकून पाहिलं आणि झाकण उचललं. वर लेकीच्या अक्षरात 'ओलं खोबरं'. त्याखाली गाईचं चित्र असलेली पाकिटं, एकावर एक.

त्यांनी झाकण टाकलं. आता या निघून जाणार, असंच मला वाटलं. पण त्या वाकल्या आणि त्यांनी प्लग परत लावला.

"ऊर्मिला! खाली ये."

ऊर्मिला आली आणि पाणी बघून जागीच थिजली. "आई, ते... मी तुला सांगणारच होते."

"जावई जर्मन आहे हे मला बारा वर्षं माहीत आहे गं. तो रोज साबुदाणा खातो असं वाटत होतं का मला?" बाई म्हणाल्या. "मला वाईट कशाचं वाटलं सांगू? तुला माझी भीती वाटली याचं."

ऊर्मिला रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं.

"जीव तर गेलाच त्या जनावराचा. आता वाया घालवू नका. मऊ पडलंय ते आजच शिजवा. माझं पिठलं वेगळ्या कढईत," त्या म्हणाल्या आणि माझ्यावरची चिठ्ठी त्यांनी टरकन फाडली.

मित्रांनो, कोणापासून काही लपवायचंच असेल, तर त्यासाठी इमानाने राबणाऱ्याला बिघडलेला म्हणू नका. माझी धास्ती अजून पुरती गेलेली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी घरघर थोडी वाढवतो. बाई रोज सकाळी खाली येतात. माझं झाकण उघडत नाहीत, आतल्या कशाला हात लावत नाहीत. फक्त वाकून प्लग नीट बसलाय ना, तेवढं बघून जातात.