दोन डाव्या बाह्या

वहिनींचा स्वभाव मुळातच संशयी. शिलाईच्या दुकानात दोऱ्याचं रीळ लवकर संपलं तरी त्यांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं. त्यामुळे भाऊजींनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नसती तरच नवल.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते कापायचे, त्या शिवायच्या. वीस वर्षांत भाऊजींची कात्री चुकली नव्हती, सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही नाही. आणि आता? डबा अर्धा परत, दाढी वाढलेली, गिऱ्हाइकाच्या थट्टेला उत्तर नाही. वर दर मंगळवारी चार वाजले की "आलोच" म्हणून गायब. समोरच्या नव्या शिंप्याने यांना फोडलंय, असं वहिनींनी ठरवूनच टाकलं. भाऊजी गेले तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

तिसऱ्या मंगळवारी त्या गुपचूप मागोमाग निघाल्या. भाऊजींनी समोरच्या दुकानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून ते एका जिन्याशी थांबले. भिंतीवर पाटी होती: मनोविकारतज्ज्ञ, पहिला मजला. भाऊजी तीन पायऱ्या चढले, थबकले, उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. वहिनींना भीती वाटली ती याचीच.

"तीन मंगळवार येतोय, वहिनी. वर जाणंच होत नाही."

"अहो, आईंचं दुःख आहे ते. अजून वर्षही झालं नाही. ओसरेल हळूहळू."

"ते दुःख वेगळं होतं. तेव्हा रडलो, पण तुम्ही वाढलेलं जेवलोही. तिच्या खोड्या आठवून आपण दोघं किती हसलो. आता आई आठवली तरी काही वाटत नाही. दोन महिने झाले, कशाचंच काही वाटत नाही. सकाळी उठायचं कशाला, तेच कळत नाही."

वहिनींना नेहमीसारखाच संशय आला, पण या वेळी तो खोटा ठरावा असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं, असं मनात येतं?"

भाऊजींनी जिन्याच्या कठड्याकडे बघत होकारार्थी मान हलवली. येत होतं.

इतके दिवस आपण या माणसावर संशय घेतला आणि बरं आहे ना, एवढं एकदाही विचारलं नाही, याची वहिनींना विलक्षण लाज वाटली. त्यांनी भाऊजींचं मनगट धरलं. "चला. आजच, आत्ताच."

वरच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवलं आणि काय होतंय ते विचारलं. सवयीने वहिनींनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि मनगट न सोडता त्या भाऊजींच्या बोलण्याची वाट बघत बसल्या.