वाऱ्याचं कार्यालय

शनिवार म्हणजे युगेतच्या दुकानात केस बसवून घ्यायचा दिवस. रविवारी चर्च, मग सासरमाहेरची माणसं जेवायला. डोकं नीट नको? फ्रान्समधल्या त्या क्लामसी गावातल्या बायका सकाळपासून येत, केसांना रोलर लावून घेत आणि केस वाळवायच्या टोपाखाली जाऊन बसत. टोप कानाशी असा घोंघावे की बाईला वाटे आपण कुजबुजतोय, आणि बोलणं जाई थेट चौकापर्यंत. गावातली निम्मी लफडी युगेतला अशीच कळलेली. "बाई, तुम्ही ओरडताय," असं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. टीव्हीवर बातम्या संपल्या की पाच मिनिटांची एक मालिका लागे, 'वाऱ्याचं कार्यालय'. पुठ्ठ्याचं लांब नाक लावलेला कारकून लोकांनी पोत्यात भरून आणलेला वारा तोलायचा आणि सही नाही म्हणून परत पाठवायचा. बस्स, एवढंच.

तो कारकून म्हणजे युगेतचा मुलगा आन्सेल्म. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. "पॅरिसला कार्यालयात असतो," असं ती सांगे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. आन्सेल्मला वाटे, आई गावभर मिरवत असणार. फोनवर विचारी, "काय म्हणतात गं लोक?"

"हसतात रे. पोट धरधरून हसतात."

आणि आज तो न कळवता आला होता. मागच्या स्वयंपाकघरात कॉफीत पाव बुडवून खात बसला होता. मध्ये नुसता मण्यांचा पडदा. "दमलायस, वर जाऊन पड," म्हणून युगेतनं पाहिलं. हलला नाही.

टोपांखाली पोस्टमास्तरांची बायको मादाम पेलताँ आणि खाटकाची बायको जिनेत.

"काल पाहिलंस का ते नाकाडं?" मादाम पेलताँची कुजबुज सुरू झाली, खिडकीची काच थरथरली. "आमचे हे म्हणाले, सरकारी पैशाची राखरांगोळी!"

"आमच्याकडे हसतात हो! हे तर तराजूवर फुंकर मारून मला विचारतात, सही आणलीस का?"

"मला तर अक्षर कळत नाही त्यातलं!"

"कळायचंय काय? तुमच्या पोस्टात तासभर उभं राहून बघा!"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, रंग छान दिसतोय तुम्हाला!"

मादाम पेलताँ सुखावल्या. "मला बाई त्याच्या आईची कीव येते. लहानपणी डोक्यावर आपटलं असणार तिनं त्याला!"

पडद्यामागे चमचा थांबला. युगेतच्या हातातला कंगवाही. गप्प राहिलं तर गिऱ्हाईक शाबूत होतं. पण आपल्याला आईनं गावापासून लपवून ठेवलंय, हे त्याला कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

तिनं दोन्ही टोप बंद केले.

"आपटलं नाही मी," ती म्हणाली. "झाडावरून तो आपला आपण पडला. आणि डोक्यावर नाही, कुल्ल्यांवर."

"आन्सेल्म?" जिनेत पुटपुटली. "तो कार्यालयातला?"

"त्याच कार्यालयातला. आत बसलाय."

कुणी माफीबिफी मागेल असं युगेतला वाटलं, तर नाव नको. मादाम पेलताँनी एक शब्द मागे घेतला नाही. "मग बोलवा की त्याला," म्हणाल्या, आणि डोक्यावरच्या रोलरांसकट त्याला समोर बसवून फैलावर घ्यायला लागल्या. परवाचा भाग उगाच ताणला होता. नाक वाकडं बसतं. "आणि वारा तोलून झाला की टेबल पुसता, ते का?"

"सवयीनं, मादाम."

"ते चांगलं आहे. तेवढंच चांगलं आहे."

आन्सेल्म मान खाली घालून ऐकत राहिला, शाळेतल्यासारखा.

त्या गेल्यावर युगेत केर काढू लागली. तो म्हणाला, "पोट धरधरून हसतात, नाही का?"

"जिनेत हसते की."

"आणि तू?"

तिच्या हातातली केरसुणी थांबली. "मला नाही रे कळत त्यातलं काही. तू जेवतोस का नीट, तेवढं बघते. मंगळवारी गालफडं बसलेली दिसली. नाकामागूनसुद्धा."

"म्हणून सांगितलं नाहीस? लाज वाटली?"

"लाज कसली! भीती वाटली. माझा मुलगा म्हणून बघायला बसतील, आणि कुणी हसलंच नाही तर? ते कसं सोसायचं मी?"

तो उठला. तिच्या हातातली केरसुणी घेऊन उरलेला कोपरा झाडू लागला.

तेवढ्यात दार उघडून पाववाल्याची बायको आत घुसली, हाताला पीठ तसंच. जिनेतनं गल्ली ओलांडेपर्यंतही दम धरला नव्हता.

"कुठंय तो नाकवाला? मला त्याला चार गोष्टी सुनवायच्यात!"

युगेतनं खुर्ची झटकून पुढे ओढली.

"बस ना, बस. हा माझा मुलगा. सावकाश सुनव, जेवायला अजून वेळ आहे."