पाच महिने पुरलेली ट्यूब

पॉलिशवाल्यानं हात फिरवलेल्या टेबलावर माशीसुद्धा घसरून पडेल, असं त्याच्या दुकानात म्हणत, आणि हे म्हणायला सुरुवात त्यानं स्वतःच केली होती. फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत बावीस वर्षं तो लाखेच्या आणि स्पिरिटच्या वासात उभा होता. पॉलिशचा हात द्यायचा तो पातळ, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याचं छान चाललं होतं. कापडाच्या बोळ्याला पॉलिश जेमतेम लावायचं, फिरवायचं, फाजील राहील ते कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. जाड थर चोपडून मोकळे होणारे कारागीर दिसले की त्याचं डोकं फिरे. यांना भिंती रंगवायला पाठवा, असं तो त्यांच्या तोंडावर सांगत असे.

असा हा खमका माणूस घरी मात्र सात वर्षांच्या पोरीपुढे हात टेकून बसला होता.

पोरीला घरात भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून ठरली नव्हती. इसब तिला तान्हेपणापासूनच, पण तो कोपराच्या नि गुडघ्याच्या खळग्यांत दबा धरून असायचा, चार दिवस छळून निघून जायचा. गेल्या वर्षात त्यानं सगळी भिंगरीच ताब्यात घेतली. मान, पाठ, मनगटं, पापण्यासुद्धा. कातडी जाड झाली, चिरली, चिरांतून पाणी यायला लागलं. रोज सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. रात्रभर खाजवून थकलेली पोर वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपायची. शेवटी बाईंनीच सांगून पाठवलं की बरं वाटेपर्यंत घरीच असू द्या.

उपाय सांगणाऱ्यांना तर ऊत आला होता. कुणी तेल सांगितलं, कुणी पाल्याचा लेप, कुणी म्हणालं अंगातली उष्णता आहे, कुणी म्हणालं बापाच्या अंगावरचा स्पिरिटचा वास. भिंगरीची आई बसमध्ये कंडक्टर. एरवी ती गच्च भरलेल्या बसला नुसत्या आवाजानं मागे सरकवायची, पण लेकीच्या बाबतीत ती कुणाचंही ऐके. तिनं आधी दूध बंद केलं, मग अंडी, मग शेंगदाणे, मग टोमॅटो. एकेक पदार्थ ताटातून गेला आणि इसब जिथल्या तिथे राहिला. पोरीच्या बरगड्या तेवढ्या मोजता यायला लागल्या.

मलम लावायचं काम पॉलिशवाल्याकडे. पाच महिन्यांपूर्वी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक ट्यूब लिहून दिली होती. औषधाच्या दुकानातल्या माणसानं ती हातात देताना भुवया वर चढवल्या, स्टिरॉइड आहे, जपून लावा म्हणाला. जपून लावण्यात आपला हात धरणारा या गावात कोण आहे, असं पॉलिशवाल्याला मनातल्या मनात वाटून गेलं. घरी येऊन अंघोळ करायची, नखं घासायची, स्वच्छ फडकं घ्यायचं आणि लेकीच्या अंगावर एक सुंदर, एकसारखा, पातळ हात द्यायचा. फाजील राहिलेलं टिपून घ्यायचं. एवढं निगुतीनं त्यानं एखाद्या शिसवी कपाटाचंही कधी केलं नव्हतं.

पण गुण येईना. उलट त्याच्या बोटांचे घट्टे त्या सोललेल्या कातडीवर घासत आणि पोर कळवळे. आधी ती बाबा कामावरून आले की धावत येऊन मानेला लोंबकळायची. आता त्यांच्या हातात ट्यूब दिसली की कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरून बसायची. एक दिवस तिथूनच ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला हात नका लावू."

रागानं नव्हती म्हणाली, नुसतं सांगितलं. पॉलिशवाल्याच्या काळजाला ते जे लागलं ते काही निघेना. पोर बरी होवो, हे तर त्याला हवंच होतं. पण पोर पुन्हा जवळ येईल का, या एका गोष्टीनं तो आतून खचत चालला होता.

आता डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं ते इंजेक्शनाचं ठरवायला. मलमानं भागत नसेल तर पुढच्या पायऱ्या आहेत, असं त्या मागेच म्हणाल्या होत्या. कंडक्टरीणबाईंचा निर्णय झाला होता: द्यायचं. पॉलिशवाला नको नको करत होता, कारण सात वर्षांच्या जिवाला सुया टोचायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. त्या दिवशी तिची ड्यूटी बदलता आली नाही, म्हणून तो एकटाच पोरीला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला नीट तपासलं, वजन केलं आणि काय काय लावता ते विचारलं. पॉलिशवाल्यानं खिशातून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. तळापासून नीट वळत आणलेली, कुठे चुरगळ नाही.

"ही कितवी?" बाईंनी विचारलं.

"पहिलीच. अजून अर्धी आहे की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरा तोरा होता, खोटं कशाला सांगा.

बाईंनी ट्यूब उचलली, तारीख पाहिली, पोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ही आठवडाभरात संपायला हवी होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी नर्सबाईंना बोलावलं आणि कसं लावता ते दाखवा म्हणाल्या. पॉलिशवाल्यानं बोटाच्या टोकावर मोहरीएवढं मलम घेतलं, पोरीच्या मनगटापासून खांद्यापर्यंत ते ओढत नेलं आणि सवयीनं फडकं मागितलं. नर्सबाईंनी बुचकळ्यात पडून कापसाची पट्टी दिली. त्यानं हात टिपून घेतला.

"पुसलंत कशाला?" नर्सबाई म्हणाल्या.

"फाजील होतं."

नर्सबाईंना हसू फुटलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. त्यांनी त्याचंच बोट धरलं आणि टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची जाडजूड वळी काढली. एवढं मलम बोटांसकट तुमच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, म्हणाल्या. हिच्या एका हाताला अशा अडीच वळ्या, एका पायाला साडेचार. पॉलिशवाला ते ऐकत उभा राहिला. हिशेब सोपा होता, न शिकलेल्याला समजेल असा. आख्ख्या अंगाला तो जेवढं लावत होता तेवढं एका मनगटालाही पुरलं नसतं, आणि त्यातलंही निम्मं तो फडक्यावर घरी वाळत घालत होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे वाईटच झालं. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की मलमाची भीती अगदीच खोटी नाही. महिनोन्‌महिने, नको तिथे लावलं तर कातडी विरते. म्हणून चेहऱ्याला वेगळं सौम्य मलम, अंगाला हे, आणि तेही सांगेन तितकेच दिवस. पण तेवढे दिवस भरपूर लावायचं. दिवसातून तीन-चार वेळा अंगभर मऊ करणारं साधं क्रीम, कोमट पाण्याची झटपट अंघोळ, साबण नाही. संध्याकाळी मलमानंतर ओल्या सुती पट्ट्या आणि वरून कोरडे कपडे. खाणं सगळं परत सुरू, तपासणीशिवाय काही बंद करायचं नाही, पोरीचं वजन घटलंय. तीन आठवडे असं करा. नाहीच उतरलं तर प्रकाशकिरणांचा उपचार आहे, गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, आणि त्यातलं काहीही घ्यावं लागलं तरी ती कुणाची हार नाही. पण जे औषध पोटभर दिलंच नाही ते चाललं नाही असं मी म्हणणार नाही, असं त्या म्हणाल्या.

बसथांब्यावर पॉलिशवाल्यानं समोर आलेली बस तशीच जाऊ दिली. पाच महिने. पोर पाच महिने सोलवटत होती आणि हा शहाणा तिला पॉलिश करत होता. बरं, कुणी आळस केला असता तर गोष्ट वेगळी. यानं तर जीव ओतला होता. बायकोला काय सांगायचं? नवीन मलम दिलंय म्हटलं तर खपून गेलं असतं. भिंगरी वजनकाट्यावर उड्या मारण्यात गुंग होती, तिला काही कळलं नव्हतं. घर येईपर्यंत त्यानं ते वाक्य तीनदा मनात घोळवूनही पाहिलं.

कंडक्टरीणबाई आल्या त्याच मुळी इंजेक्शन कधी, असं विचारत. पॉलिशवाल्यानं पाण्याचा पेला पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. मोहरीएवढं मलम, फडकं, अडीच वळ्या, सगळं. मान खाली घालून सांगितलं.

ती उडालीच. बसमधला आवाज घरात लागला. पोरगी होती की पाट होता, आणि मी विचारायचे तेव्हा म्हणायचात माझ्या कामात नाक खुपसू नकोस, आणि आता कुठल्या तोंडानं सांगताय. मग ती एकाएकी खाली बसली आणि पदराआड तोंड घेऊन रडायला लागली. त्याला वाटलं, अजून राग आहे.

"मला वाटायचं मीच तिला काहीतरी चुकीचं खाऊ घालतेय," ती म्हणाली. "रोज ताट वाढताना हात कापायचे हो माझे."

हे त्याला ठाऊकच नव्हतं. एका छपराखाली राहून दोघं आपापला अपराध घेऊन बसले होते आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. कपाटामागून भिंगरी डोकावली आणि दोघांना असं बसलेलं पाहून, आपलं इंजेक्शन मोठं असणार, अशा समजुतीनं आणखी आत सरकली. मग कंडक्टरीणबाईंनी डोळे पुसून तिला पेलाभर दूध दिलं. दोन महिन्यांनी दिसलेला तो पेला पाहून पोर आपल्या पायांनी बाहेर आली.

कामाला सुरुवात झाली. पॉलिशवाल्याच्या हाताला मात्र ते पटेना. बोटावर जाड वळी काढताना त्याला लाज वाटे, कुणीतरी कारागीर मागे उभा राहून बघतोय असं वाटे. पहिल्या दिवशी पोरीचा हात चकचकीत, चिकट, बावीस वर्षांत कुणी केलं असतं तर त्यानं हाकलून दिलं असतं असा झाला. पुसायला हात आपोआप गेला. कंडक्टरीणबाईंनी घरातली फडकी उचलून सरळ ट्रंकेत घातली आणि किल्ली कमरेला लावली. ओल्या पट्ट्या चढवताना भिंगरी आरडाओरडा करी. तिसऱ्या दिवसापासून ती पट्ट्या बांधल्यावर लगेच झोपायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी चादर कोरी निघाली. कंडक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि कुणाला न सांगता धुवायला न टाकता तशीच घडी करून ठेवली.

फटीत बसणं मात्र सुटलं नव्हतं. रोज ओढून आणावं लागे. मलम लावताना ती अंग चोरून, डोळे मिटून, दात आवळून बसे, आणि पॉलिशवाला शक्य तितक्या हलक्या हातानं, मान खाली घालून काम उरकी.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. पाठ उतरली होती, पाय उतरले होते, मानेवर आणि कोपराच्या खळग्यांत अजून होतं. इंजेक्शन तूर्त नको, म्हणाल्या. आठवड्यातून दोन दिवस नेहमीच्या जागांवर मलम, बाकी क्रीम रोज, भडकलं तर न लाजता या, आणि पुन्हा भडकणारच, घाबरू नका. शाळेत पाठवा. पॉलिशवाल्याला शाबासकीची अपेक्षा होती, निदान एखाद्या शब्दाची तरी. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या संध्याकाळी त्यानं क्रीमचा डबा उघडला. भिंगरीनं नेहमीसारखे डोळे मिटले, दात आवळले. त्यानं गुडघ्यामागे क्रीम लावलं आणि घट्टे लागू नयेत म्हणून बोटं अगदी अलगद फिरवली. पोरीनं झटकन पाय ओढून घेतला.

"दुखलं?" त्यानं घाबरून विचारलं.

आपल्याला काय झालं हे भिंगरीलाच नीट कळलं नव्हतं. मग ती म्हणाली, "गुदगुल्या झाल्या."

वर्षभरात त्या कातडीला आग आणि खाज एवढंच ठाऊक होतं. पॉलिशवाल्यानं पुन्हा बोट फिरवलं. पोर खिदळली, आडवी पडली, दुसरा पाय त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "बाबा, आता इकडे."

त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती हातातलं काम टाकून आली, दारातच थांबली, आणि त्यानं दुसऱ्या पायाला क्रीम लावायला घेतलं.