येताना खिडकी माझी

निवृत्त कंडक्टरने फॉर्म काचेखालून परत ढकलला.

“यात माल लिहिलंय. माल नाही, बायको आहे माझी.”

मालवाहतुकीच्या काउंटरवरची मुलगी ओशाळली. “काका, छापील फॉर्म आहे हो, सगळ्यांना तोच.” तिने त्या शब्दावर काट मारून वर नाव लिहिलं. मग आवाज खाली आणला. “एक अडचण आहे. दोनच्या विमानात जागा नाही. पेटी संध्याकाळच्या विमानाने येईल, तुम्ही पुढे व्हा. अंतर तेच, अकराशे चाळीस किलोमीटर. वेळही तेवढाच, दोन तास पाच मिनिटं.”

महिन्यापूर्वी ऑपरेशनसाठी इकडे येताना हाच आकडा ऐकून बायको हसली होती. “एवढ्या वेळात तुमची बस डेपोतून तरी निघते का?” विमानात बसायची दोघांचीही पहिलीच वेळ. खिडकीची जागा तिची होती, पण याची नजर सारखी तिकडे. “आयुष्यभर उभ्याने प्रवास केलात, बसा तुम्हीच,” ती म्हणाली, “येताना मात्र खिडकी माझी.” आणि हा गडी एका शब्दाने नको न म्हणता बसला, काचेला नाक लावून. ती बिचारी मधल्या सीटवरून, त्याच्या खांद्याआडून मान उंचावत राहिली. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

“पोरी, अठ्ठावीस वर्षं गाडीवर होतो. शेवटचा माणूस चढल्याशिवाय दोरी ओढून दोन घंट्या दिल्या नाहीत कधी. चहा ढोसत बसलेल्यांनासुद्धा हाका मारमारून आणलंय. आणि हिला एकटीला टाकून जाऊ?”

मुलीने फोन उचलला. बराच वेळ कुणाशी तरी हुज्जत घातली. यंत्रांचे सुटे भाग उद्या गेले तर आभाळ कोसळणार नाही, असंही तिने सुनावलं.

“दोनच्याच विमानात, काका. तुमच्याबरोबर.” फोन ठेवून तिने विचारलं, “त्यांचं परतीचं तिकीट रद्द करायचं ना?”

“नको. खिडकी आहे ती.”

विमानात तो मधल्या सीटवर बसला, पण तिथून खालचं काहीच दिसेना. दोनदा उठला, दोनदा बसला. शेवटी “थोडाच वेळ गं,” असं पुटपुटत खिडकीकडे सरकला. खाली पट्ट्यावरून बॅगा चढत होत्या. त्या संपल्या, पट्टा थांबला, आणि तो जागेवरून अर्धा उठला. मग एक गाडी हळूहळू आली. चौघांनी लांबट पेटी सांभाळून पट्ट्यावर ठेवली. ती वर सरकत आत दिसेनाशी झाली. दार लागलं.

त्याचा हात आपसूक डोक्यावर गेला. तिथे दोरी नव्हतीच. तरी त्याने मूठ मिटली आणि दोनदा खाली ओढली.

मग तो पुन्हा मधल्या सीटवर आला.

“काका, खिडकीतच बसा की,” हवाई सुंदरी म्हणाली. “तिथे कुणी आलेलं नाही.”

“आलीये ती,” तो म्हणाला आणि मधल्या सीटचा पट्टा शोधू लागला.