हरणीची आंघोळ

पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षीची चंपाषष्ठी. शिरड शहापुरात गंगूताईंनी पहाटे रोजच्या नेमानं विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ केली. मग मनात आलं, खंडेराय घोड्यावर बसतात. आज आपल्या हरणीचीही पूजा करायची, तर ती पारोशी कशी चालेल? त्यांनी घागर भरून म्हाताऱ्या घोडीच्या पाठीवर ओतली.

त्यांचे यजमान नाना जप आटोपून गोठ्यात आले, तेव्हा हरणी लटलट कापत होती. मान खाली, कडब्याला तोंड लावलेलं नाही.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"पूजेआधी न्हाऊ घातलं."

"नेम तुझा. तिनं कधी धरला होता?"

गंगूताईंनी घागर खाली ठेवली. नानांचे गुडघे गेल्यापासून गावोगावच्या पूजेला त्यांना हरणीच नेत होती. या वयात गारठून खाली बसली, तर पुन्हा उठायची नाही.

दोघांनी वाळल्या गवताचे बोळे करून तिला चोळायला घेतलं. गोधडी टाकली, ती ओल पिऊन गार पडली. घोंगडी सणासाठी धुतलेली, दोरीवर निथळत होती. कोरडी लोकर घरात एकच होती, नैवेद्य रांधताना गंगूताई नेसत ती सोवळ्याची धाबळी.

त्यांनी काठीनं ती दांडीवरून उतरवली. क्षणभर देवघराकडे पाहिलं, आणि हरणीच्या पाठीवर पसरली.

"अगं, सोवळं ते."

"घोडी खंडेरायांचीच की. समजून घेतील."

हरभऱ्याचा भरडा गूळ-सुंठ घालून शिजवला. हरणीनं नुसता हुंगला. नाना तिचा कान मुठीत धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बघ बरं."

कानाच्या मुळाशी ऊब आली होती. हरणीनं घमेल्यात तोंड घातलं. गंगूताईंनी डोळे पुसले आणि घागर उचलली.

"आता कुठं?"

"धाबळी गेली. ओलेत्यानं सैपाक करते."

"म्हंजे मग तुला चोळत बसू का मी?" नानांनी घागर काढून घेतली. "बस इथं तिच्यापाशी. मी माझा रेशमी कद नेसतो अन् रांधतो."

"तुमाला रोडगे येतात?"

"व्हय, तू सांगशील तसे."

गंगूताई गोठ्याच्या उंबऱ्यात बसून सांगत राहिल्या, नाना चुलीपुढून 'व्हय, व्हय' म्हणत गेले, आणि रोडगे एका बाजूनं चांगलेच करपले.