मला सपाटीवर पुरलं त्याची गोष्ट

मी रस्त्यात पुरलेली लोखंडी पट्टी बोलतेय. इकडेतिकडे काय शोधता, पायाखाली बघा. चाक अंगावरून गेलं की मी दोन बोटं दबते, खालची दातेरी चाकं फिरतात आणि वीज तयार होते. अगदी फुकटात, असं सगळे म्हणतात. फुकट काही नसतं, हे मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या फिटरला मात्र पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, हिला उतारावर बसवा," तो कचेरीतल्या साहेबांना म्हणाला. "तिथं गाड्या तशाही ब्रेक मारतात. वाया जाणारा जोर हिच्या पदरात पडेल. सपाटीवर घातलीत तर प्रत्येक गाडी जास्तीचं तेल जाळेल. म्हणजे वीज तुमची आणि तेल परक्याचं."

उताराच्या पायथ्याशी वळण आहे, वळणावर मावशीचं पंक्चरचं दुकान. तिच्या नवऱ्याला तिथंच अंधारात टेम्पोनं उडवलं. आता तो काठी टेकत चालतो, तरी संध्याकाळचं पाणी आणायला रस्ता ओलांडावाच लागतो. मावशीला तिथं एक दिवा हवा होता. एकच.

साहेबांनी मला कचेरीच्या फाटकासमोर, सपाटीवर पुरलं. "उतारावर बघायला कोण येणार?" म्हणाले. माझ्या विजेवर दिवा लागला तो त्यांच्या नावाच्या फलकावर.

गाडीवाले काय दूधखुळे? चार दिवसांत त्यांनी कडेच्या मातीतून नवी वाट पाडली. मी दबेना, दिवा लागेना.

तेवढ्यात वरचे अधिकारी पाहणीला आले. साहेबांनी आपल्या ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "आमचा चहा होईपर्यंत हिच्यावरून गाडी पुढे-मागे करत राहा."

"टाकी अर्धी होईल, साहेब."

"होऊ दे. दिवा विझता कामा नये."

तासभर एकच गाडी माझ्या छाताडावर येरझाऱ्या घालत होती. फलक झळकत होता. पाहुणे माना डोलावत होते. ही गाडी कुठं चाललीय, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. अक्कल बहुधा घरी ठेवून आले असावेत.

मावशी अर्ज घेऊन फाटकाशी उभी होती. ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, एवढ्या तेलात मी वर्षभर कंदील जाळला असता की."

"मावशी, मला कशाला सांगता? मी तर दिव्याची वात आहे," तो म्हणाला आणि त्यानं गाडी पुन्हा मागे घेतली.

साहेबांना बढती मिळाली, ते गेले. फलक काळवंडला, मी गंजतेय.

मावशीनं मात्र तीन जुने टायर पांढरे रंगवून वळणावर उभे केले. गाडीच्या उजेडात ते चमकतात, गाड्या कचकन ब्रेक मारतात. पण टायर दिसले म्हणून माणूस दिसतोच असं नाही. म्हणून तीच हातात कंदील घेऊन नवऱ्याच्या पुढं चालते.

पहार, खोरं, दोन माणसं आणि एक सकाळ, एवढंच लागतं मला तिथं न्यायला. जोर तिथं रोज वाया जातोय. शहाण्यांनो, बघायला कोणी येवो न येवो, मला उचला.